दधीचीच्या बरगड्या

रविवारी संध्याकाळी कालिंदी डिलाईल रोडच्या खोलीवर पोचली तेव्हा गुणाजी गॅलरीत लाकडी स्टुलावर बसले होते आणि त्यांचे दोन्ही पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात होते. वर्षभरापासून त्यांना वाकता येत नव्हतं. वाकलं की छातीत कापूस दाटल्यासारखं व्हायचं. म्हणून महिन्यातून एका रविवारी लेकीने दादरहून येऊन बापाची नखं कापायची, असा रिवाज आपोआप पडून गेला होता. तिने पर्स खिळ्याला अडकवली, पदर खोचला आणि पाटावर बसून त्यांचा उजवा पाय मांडीवर घेतला. चाळीस वर्षं कापडगिरणीत साच्यांपुढे, म्हणजे मागांपुढे, उभं राहायचं म्हणून तयार झालेला तो पाय, त्यातली निम्मी वर्षं साच्यांशिवायच गेली होती. पंजा रुंद पसरलेला, टाच भेगाळलेली, अंगठ्याचं नख शिंगासारखं जाड. “काय शिकयलंस गो बाय काल?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न ते तिला दर खेपेला विचारत, जसे दुसरे लोक जेवलीस का विचारतात. आतून तिची आई रखमा म्हणाली, “तेंका काय कळताला? तू आपली नखां काप.” “कळना नाय तर नाय. फुकट थोडाच आयकतंय,” गुणाजी म्हणाले, “फी म्हणान बांगडे हाडलंय.” रखमा हसली आणि तव्यावर बांगडा टाकल्याचा चर्र आवाज आला.

काल कालिंदीने दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एकोणिसाव्या शतकातलं अकादमिक चित्रण शिकवलं होतं, धर्माचे विषय आणि वास्तव यांचं जमलेलं आणि न जमलेलं लग्न. ते सगळं बापाला कसं सांगणार, म्हणून तिने त्यातलं एक चित्र निवडलं. दीडशे वर्षांमागे लंडनमध्ये एका तरुण चित्रकाराने येशूचं लहानपण काढलं. येशूचे वडील सुतार, म्हणून खराखुरा सुतारकामाचा कारखाना काढला, जमिनीवर लाकडाचा भुसा, नखांत मळ, हातांवर फुगलेल्या शिरा. लोक भयंकर चिडले, देवाच्या घरच्यांना असं कोण काढतं म्हणाले. “मग कसा काढूचा?” गुणाजींनी विचारलं. तीच तर गंमत आहे, ती म्हणाली. आधी सगळे म्हणायचे अगदी खरं काढा, हाडामांसाचं काढा, आणि कुणी तसं काढलं की म्हणायचे इतकंही नको. त्या चित्रकाराने सुताराचा चेहरा स्वतःच्या वडिलांचा घेतला. पण हात मात्र एका खऱ्या सुताराचे घेतले, कारण तसे हात लाकूड तासल्याशिवाय होत नाहीत. नख कटकन तुटलं आणि उडून गजाबाहेर गेलं. समोरच्या चाळीच्या गॅलरीत कुणीतरी चादर झटकत होतं, तिकडे गुणाजी बघत राहिले. मग म्हणाले, “त्या सुताराक ता चित्र बघूक गावला काय?”

कालिंदीच्या हातातलं नेलकटर क्षणभर थांबलं. “माहीत नाही बाबा,” ती म्हणाली, “तसं कुठे लिहिलेलं नाही.” “लिवतलो कोण?” ते म्हणाले आणि त्यांनी आपण होऊन डावा पाय तिच्या मांडीवर ठेवला. ती डाव्या पायाची नखं कापू लागली. पाचही बोटं होईपर्यंत तिला वाटत होतं की आता बोलावं. मग तिने हात धुतले. बांगडे खाल्ले, भावाच्या, रघुच्या, धाकट्याची वही तपासली आणि सातच्या सुमाराला निघाली. गुणाजी कठड्याला धरून उभे होते आणि खालून तिने वर पाहिलं तेव्हा त्यांनी बस त्या बाजूला थांबते अशी खूण केली, जशी काही ती पहिल्यांदाच तिथून बस पकडत होती.

सोमवारी पावणेदहाला वर्गात अंधार करून ती स्लाइड लावत होती तेव्हा ऑफिसमधल्या कारकुनाने दार लोटलं. फोनवर तिचा धाकटा भाऊ रघु होता. “ताई, बाबा गेले.” चहा पिऊन स्टुलावर बसले होते, ते तसेच बसल्या जागी कलंडले. ती पोचली तेव्हा त्यांना खाली चटईवर घेतलेलं होतं आणि अंगावरचं पांघरूण पायांना थोडं अपुरं पडत होतं. पायांची नखं नीट कापलेली, स्वच्छ. जमलेल्या बायांतली एक म्हणाली, बघा, माणसाला आधी कळतं, कसा तयारी करून बसला. कालिंदीला ओरडून सांगावंसं वाटलं की ही तयारी नव्हे, हा आमचा रविवारचा रिवाज आहे. तिने पांघरूण खाली ओढून पाय झाकले. मग छाती उघडी पडली, म्हणून पुन्हा वर ओढलं.

त्यानंतर तिला कुठेच बसवेना. दादरच्या घरी असली की डिलाईल रोडला जावंसं वाटे, तिथे गेली की माणसांचा गलबला असह्य होऊन परत निघावंसं वाटे. एकदा तर मधेच हिंदमाताला उतरून ती साड्यांच्या दुकानांसमोरून नुसतीच दोनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, आणि एका दुकानदाराने “या ताई, बघून तर जा” म्हटल्यावर खरंच आत जाऊन बसली, त्याला चार साड्या उलगडायला लावल्या आणि एकही न घेता उठून आली. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. त्या सुताराक ता चित्र बघूक गावला काय. कुठला सुतार, कुठलं चित्र, हे तिला तेव्हाच कळलं होतं. त्यांनाही ते तिला कळलेलं कळलं होतं. वीस वर्षं दोघांनी एक दार अर्धवट लोटून ठेवलं होतं, आणि दर खेपेला काय शिकयलंस म्हणत बाप त्या दाराला हलकंसं बोट लावून बघत होता. या वेळी त्यांनी बोट नव्हे, हात लावला होता. आणि तिने नखं कापली.

ते दार लोटलं गेलं तेव्हा गिरणी संपाचं दुसरं वर्ष होतं. ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरणीचा भोंगा थांबला तेव्हा चाळीत सुट्टीसारखं वातावरण होतं, पुरुष दिवसा घरी दिसायचे याचंच पोरांना अप्रूप. त्र्याऐंशीत ते अप्रूप गेलं. कुणी गावी गेले, कुणी गॅलरीत बसून राहून राहून एकमेकांशी भांडू लागले, कुणाच्या बायका खाणावळीच्या पोळ्या लाटू लागल्या. गुणाजी मात्र रोज सकाळी डबा न घेता बाहेर पडत. भायखळ्याच्या भाजीबाजारात पाट्या उचलतो, असं त्यांनी घरात सांगितलं होतं आणि संध्याकाळी येताना माठाची नाही तर मेथीची जुडी आणत. जुडी ताजी असे. त्यांच्या शेजारच्या साच्यावर काम करणारा बुधाजी खरंच भायखळ्याला पाट्या उचलत होता, आणि त्याचं अंग दोन महिन्यांत दगडासारखं झालं होतं. गुणाजींचं अंग उलट दिवसेंदिवस उतरत होतं. हे कुणी बोलून दाखवलं नाही. बोलण्यासारख्या इतर गोष्टी तेव्हा पुष्कळ होत्या.

कालिंदी दहावीला होती. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेत तिला पहिली श्रेणी मिळाली होती, आणि शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी एक चिठ्ठी देऊन तिला गिरगावात हरेश्वर मास्तरांकडे पाठवलं. मास्तर जुन्या कलाशाळेत जुन्या पद्धतीने शिकलेले होते. त्यांच्या गुरूंचे गुरू साहेबाच्या हाताखाली प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून नाक-डोळे काढायला शिकले होते. आपल्याकडे देवांच्या हनुवटीखाली सावली पडायला लागली ती त्या लोकांपासून. त्याआधी देवांना सावली नव्हती, असं कालिंदी आता वर्गात सांगते आणि मुलं हसतात. जगात चित्रकला कुठल्या कुठे गेली तरी मास्तर गिरगावातल्या दुसऱ्या मजल्यावर बसून शंभर वर्षांमागचं काम करत होते, देवळांसाठी आणि मंगल कार्यालयांसाठी मोठाले कॅनव्हास रंगवत होते. ती जिना चढून गेली. दार उघडं होतं. जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास तिने पहिल्यांदा घेतला तो तिथे, आणि अजूनही तो वास आला की तिला आधी पळून जावंसं वाटतं आणि मग आनंद होतो.

खिडकीजवळ लाकडी चौथऱ्यावर एक माणूस नुसत्या लंगोटीवर मांडी घालून बसला होता. मांडीभोवती खडूने रेघ मारलेली होती, म्हणजे विश्रांतीला उठला तरी परत तसाच बसता यावा. उजवा हात आशीर्वादासाठी उचलल्यासारखा वर होता आणि छताच्या कडीतून सोडलेल्या दोराच्या फासात मनगट अडकवलेलं होतं, कारण कुणालाही तासभर हात असा अधांतरी धरता येत नाही. तिने आधी दोर पाहिला. मग मनगट. मग ते कुणाचं आहे ते. बाबांची मान हलली नाही. डोळे फक्त हलले, दाराकडे आले, तिच्यावर थांबले आणि पुन्हा खिडकीतल्या ठरलेल्या जागी जाऊन बसले. मास्तरांनी चिठ्ठी वाचली. “कालिंदी गुणाजी घाडी,” ते मोठ्याने म्हणाले. “अहो, हीसुद्धा घाडीच. तुमचं पहिलं नाव काय म्हणालात? मी आपला घाडी घाडी म्हणूनच हाक मारतो. तुमच्या भावकीतली की काय?” ओठ फारसे न हलवता चौथऱ्यावरून आवाज आला, “घाडी लय आसत, मास्तर.” मास्तर तिच्याकडे वळले. “काय गं? ओळखतेस का यांना?”

“नाही,” कालिंदी म्हणाली.

“मग लाजतेस कशाला? ये, पुढे ये. हे खरं शिक्षण.” मास्तरांनी तिला चौथऱ्याच्या अगदी जवळ नेलं. दधीची ऋषी काढत होते ते. देवांना वज्र करायचं होतं, त्यासाठी दधीचीने जिवंतपणी आपली हाडं देऊन टाकली. “आता ज्याने हाडं दिली त्याचं अंग गुबगुबीत कसं चालेल? आमच्यातले लोक काढतात तसले ऋषी, पोटं सुटलेली, हलवायासारखी. मला हाडं खरी पाहिजेत. हाडं मनाने काढता येत नाहीत. सहा महिने शोधत होतो, तेव्हा हे सापडले.” त्यांनी ब्रशच्या मागच्या टोकाने बाबांच्या कुशीकडे दाखवलं. “मोज. बरगड्या मोज. मोजल्याशिवाय हात लावायचा नाही कागदाला.” तिने मोजल्या. ब्रशचं टोक कातडीपासून बोटभर अंतरावरून खाली सरकत होतं आणि ती मनात आकडे म्हणत होती, आणि ज्या बरगडीपाशी टोक येई ती श्वास घेतल्यासारखी थोडी वर येई. “आठ,” ती म्हणाली. “शाबास. उजेड कुठून येतोय? मग प्रत्येकीच्या खाली सावली कशी असेल? वरच्या कडेला दाट का खालच्या?” तिने सांगितलं. बरोबर सांगितलं. मग मास्तरांनी तिला कागद आणि कोळशाची कांडी दिली, आणि तिने तासभर बसून आपल्या बापाचं उघडं अंग काढलं. वाईट गोष्ट अशी की थोड्या वेळाने ती सगळं विसरली. छातीच्या हाडाची मधली दरी, गळ्याखालची वाटी, बेंबीपाशी कातडीची पडलेली एक घडी, हे सगळं कागदावर जसंच्या तसं उतरतंय हे बघून तिच्या अंगावर सुखाने काटा आला. ते सुख तिने आयुष्यात पुन्हा कधी घेतलं नाही. कागद बघून मास्तर म्हणाले, “हात आहे तुझा. पण डोकं का नाही काढलंस?” “वेळ नाही पुरला,” ती म्हणाली.

संध्याकाळी गुणाजी माठाची जुडी घेऊन आले. मोरीत बसून पाठीवर पाणी घेताना त्यांनी विचारलं, “खंय गेललंस म्हणे आज? बाईनी पाठवलेली?” “गिरगावला. मास्तरांकडे.” “बरो आसा मास्तर?” “बरे आहेत.” “काय शिकयल्यान?” पुस्तकातून मान वर न करता कालिंदी म्हणाली, “हाडं मोजायला.” “ह्या खंयचा चित्र?” रखमा माठ निवडताना म्हणाली, “हाडां मोजूक तो काय डॉक्टर?” गुणाजी हसले. कालिंदीही हसली. असं ते ठरलं. कुणी काही न ठरवता ठरलं. पुढच्या शनिवारी ती गेली तेव्हा चौथरा रिकामा होता. खडूची रेघ तेवढी होती. दधीचीचं अंग झालं, आता तोंड राहिलं, असं मास्तर म्हणाले. त्यानंतर दोन वर्षं ती त्यांच्याकडे शिकली, पुढे कलाशाळेत गेली, चित्रं काढायची सोडून चित्रांबद्दल वाचायला लागली, नोकरीला लागली, लग्न झालं, मूल झालं. मास्तर वारले. गिरणी काही गुणाजींसाठी पुन्हा उघडली नाही, ते एका इमारतीच्या फाटकावर वॉचमन झाले आणि मग तेही सुटलं.

दधीची गिरगावातल्या एका देवळाच्या सभामंडपात लागला. चित्रात दोर नाही. हात आपला आपणच हवेत उचललेला आहे. अंग गुणाजींचं आहे, हाडन्‌हाड, बेंबीजवळच्या घडीसकट. पण वर डोकं आहे ते देवळाच्या विश्वस्तांच्या कैलासवासी वडिलांचं, फोटोवरून काढलेलं, गोरं, तुळतुळीत, भरल्या गालांचं. गुणाजींचं तोंड ऋषीला चालण्यासारखं नव्हतं. मागावरच्या धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यायची जुनी सवय साचेवाल्यांना असते, त्यात पुढचे दात झिजून वरचा ओठ आत गेलेला. दरवर्षी कालिंदी मुलांना तिथे घेऊन जाते. मानेपाशी उजेडाची दिशा कशी बदलते ते दाखवते, अंग खिडकीतल्या उजेडात आणि तोंड स्टुडिओच्या दिव्यात, हे अकादमिक पद्धतीचं सामर्थ्य आणि हीच तिची लबाडी, असं म्हणते. आठ वर्षांमागे देवळाने एक माहितीपुस्तिका छापली तेव्हा चित्राखालच्या चार ओळी तिनेच लिहून दिल्या. आकार, माध्यम, साल. मॉडेल : अज्ञात. चाळीस-चाळीस मुलांच्या अकरा खेपा तिने त्या चित्रासमोर उभ्या केल्या. डिलाईल रोडहून गिरगाव किती लांब आहे? बसने अर्धा तास. बाबा, चला, एक गंमत दाखवते, एवढंच म्हणायचं होतं.

तिसऱ्या दिवशी रखमाने तिला वेगळं बोलावून सांगितलं, “तुजा सुतक फिटला. लगीन झालेल्या चेडवाक तीन दिसांचा. तू न्हा आणि घराक जा, पोर वाट बघता आसतला.” रघुला बारा दिवस. रखमा मग भिंतीला टेकून बसली आणि लेकीकडे न बघता म्हणाली, “संपात लय सोसल्यानी तेनी. पाट्ये उचलूचे. पण खांद्यार कदी वळ नाय बघलंय मी. वळ असायचो तो मनगटाक.” कालिंदी आईकडे बघत राहिली. रखमाने उठून दिव्यात तेल घातलं.

पाचव्या दिवशी ती गिरगावात गेली, का ते तिला सांगता आलं नसतं. दुपारची वेळ होती, सभामंडपात दोन बाया वाती वळत होत्या. दारातच पुजारी होता, तिला दरवर्षी बघणारा. आज तिच्या कपाळाला काही नव्हतं आणि केस नुसते गुंडाळलेले होते. तो चाचरत म्हणाला, “मॅडम, विचारू नये, पण सुतकबितक नाही ना?” “नाही,” ती म्हणाली. शास्त्राप्रमाणे ते अगदी खरं होतं. आत आल्यावर ती खांबाला धरून उभी राहिली. पुन्हा नाही म्हणालो आपण. तेव्हा पंधरा वर्षांची होते, आता पस्तिसाची आहे, आणि शब्द तोच, आवाजही बहुधा तोच. तिने वर पाहिलं. उदबत्तीच्या धुराने वार्निश पिवळं पडलं होतं. इतकी वर्षं ती या चित्राकडे मानेच्या सांध्यापासून सुरुवात करून बघत आली होती, डोळा आधी चुकीवर जायचा आणि त्या चुकीवर सुरक्षित बसून राहायचा. आज तिने खालून सुरुवात केली. पाय. मास्तरांनी पाय विलक्षण काढले होते. रुंद पसरलेला पंजा, जाड अंगठा, भेगांतली धूळसुद्धा. रविवारी तिच्या मांडीवर होता तोच पाय, वीस वर्षांनी तरुण. कॅनव्हास आणि तेल आणि माती, दुसरं काही नाही, असं ती मुलांना शिकवते. निघताना ती चपला काढल्या जागीच विसरली आणि रस्त्यावर बरंच पुढे गेल्यावर परत आली.

बाबांचा एकट्याचा फोटोच नव्हता. रघुने कपाट उलथंपालथं केलं तेव्हा गिरणीचा जुना पास मिळाला, त्यावरचा टपाल-तिकिटाएवढा चेहरा, कोपऱ्यावर शिक्का. तो घेऊन रघु हिंदमाताजवळच्या स्टुडिओत गेला. बाराव्याच्या सकाळी फ्रेम आली. स्टुडिओवाल्याने चेहरा मोठा केला होता, शिक्का पुसला होता, आत गेलेला ओठ भरून बाहेर काढला होता आणि खाली काळा कोट नि लाल टाय चढवला होता. “कोट लावून द्यायचा त्याच्याकडे कॉम्प्युटर आहे,” रघु म्हणाला, “बनियनवरचा फोटो भिंतीला कसा लावणार? निळा दाखवला होता, मी काळा घेतला.” रखमाने फ्रेम लांब धरून बघितली. “कोण हो सायब?” ती म्हणाली, आणि मग पदराने काच पुसत राहिली, काचेवर काही नव्हतं तरी. “बरे दिसतत. ऱ्हांव दे.” रघुचा चेहरा उतरला होता तो उजळला. कालिंदीला त्याची दया आली. त्याने जे केलं ते मास्तरांनी केलं होतं, विश्वस्तांनी केलं होतं, तिने पुस्तिकेत केलं होतं. जो तो बाबांना कुणाच्या तरी अंगाला नाही तर कुणाच्या तरी डोक्याला जोडत होता, आणि सगळ्यांनी ते मानानेच केलं होतं. तिला हार घालायला सांगितलं तेव्हा तिने हार घातला.

जेवणं झाली. खोलीत आणि बाहेर गॅलरीत मिळून पंचवीसेक माणसं असतील, गिरणीतले जुने सोबती, भावकीतले चारपाच, रघुच्या ऑफिसातले दोघं. बुधाजी फोटोखाली भिंतीला टेकून बसला होता. कुणीतरी म्हणालं, आजकालच्या पोरांना काय माहीत संप म्हणजे काय. बुधाजीने सुपारी गालात सारली. “अरे, गुणाजी काय चीज होता! भायखळ्याला आम्ही दोघं पाट्या टाकायचो. चार वाजता पहाटे लाइन. ह्याच्या अंगात मांस नाही, पण कांद्याची गोणी अशी उचलायचा, अशी. मी म्हणायचो, गुण्या, मरशील. तर म्हणायचा, पोरगी शिकतीय माझी.” माणसं हं म्हणाली. रघुच्या ऑफिसातला एकजण म्हणाला, “अशी माणसं आता नाहीत.” बुधाजीचे डोळे कालिंदीकडे वळले आणि चटकन दुसरीकडे गेले, आणि तिला लख्ख कळलं की याला माहीत आहे. भायखळ्याच्या बाजारात याने गुणाजीला एक दिवसही पाहिलं नाही. संध्याकाळी भाजीची ताजी जुडी बाबांना कोण देत होतं तेही तिला कळलं. वीस वर्षं हा माणूस मित्रासाठी गोणी उचलत होता, आता मेल्यावरसुद्धा उचलतोय.

गप्प राहणं हे आता सगळ्यांच्या हिताचं होतं. बाबांनीच ही गोष्ट रचली, आपल्या हाताने जुड्या आणून आणून खरी केली. ती मोडायचा आपल्याला काय अधिकार? आणि इथे या माणसांपुढे उघड्या अंगाने लंगोटीवर बसवायचं त्यांना? गोणी उचलणारा बाप चांगला नाही का? रघु त्याच बापावर मोठा झाला. पण मग रविवारी त्यांनी ते का विचारलं? लपवायचं असतं तर सुताराबद्दल कुणी विचारतं का? लाज त्यांना कधी वाटलीच नसेल. मास्तरांच्या खोलीत नाव नाकारलं ते तिच्यासाठी, तिच्या तोंडावर जे दिसलं ते बघून. ते तासभर हात वर धरून बसले आणि समोर बसून आपली लेक आपल्याला काढते आहे, चांगलं काढते आहे, हे त्यांना तिथून दिसत होतं. त्यांना फक्त विचारायला हवं होतं. वीस वर्षांत एकदा. बाबा, हात दुखला का हो?

बुधाजी आणखी एक गोष्ट सांगायला लागला होता, टेम्पोची. “बुधाजीकाका,” कालिंदी म्हणाली. तिचा आवाज वर्गातल्यासारखा निघेल असं तिला वाटलं होतं, तो तसा निघाला नाही. माणसं तिच्याकडे बघायला लागली. रघु उठून पाण्याचा तांब्या घेऊन आला, तिला चक्कर आली असं समजून. तिने तो बाजूला सारला. रखमा मोरीच्या उंबऱ्यावर भांड्यांपुढे बसली होती, तिने नळ बंद केला.

“बाबा भायखळ्याक नाय होते,” कालिंदी म्हणाली. “गिरगावात होते, एका चित्रकाराकडे. उघडे बसायचे चित्रासाठी. मी बघलंय तेंका. त्या मास्तरांनी माका इचारल्यानी, वळाखतंस काय ह्येंका? मी नाय म्हटलंय.” तिने आईकडे पाहिलं, मग भावाकडे. “माजे बाबा होते ते,” ती म्हणाली.